मुलांची लीग आणि तिची वही

दिवाळी संपली, की भोसरीपासून चाकणपर्यंत चौकाचौकात चषकांचे फ्लेक्स लागतात. कुणाचा आमदार चषक, कुणाच्या वाढदिवसानिमित्त भव्य कबड्डी. तीन दिवस मॅट, मंडप, प्रकाशझोत, डीजे आणि चौथ्या दिवशी मैदानावर बांबूंचे खड्डे. खुल्या गटाच्या स्पर्धांना हे चालून जातं, कारण तिथले खेळाडू तयार असतात आणि एक मैदान आटोपून दुसरं गाठतात. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस सराव आणि मोसमात दर रविवारी सामना द्यायचा असेल, तर पैशांचं गणित उलट्या बाजूने मांडावं लागतं. चषकात पैसा एकदम येतो आणि एकदम जातो. लीगचा खर्च दर आठवड्याला असतो, आणि पैसा मात्र त्याच्या सवडीने येतो. ही सवड आणि तो आठवडा यांचा मेळ कसा घालायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तालीम, मित्रमंडळ, सोसायटीतले पालक, निवृत्त क्रीडाशिक्षक, अशी लीग काढण्याच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी तो आहे.

पिंपरी-चिंचवडला खेळाच्या जागांची ददात आहे असं म्हणता येणार नाही. नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे, इंद्रायणीनगरच्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे, भोसरीत तर कुस्ती आणि कबड्डी घराघरात. मोशी ओलांडून चाकणच्या बाजूला निघालं, की चित्र बदलतं. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथे कारखाने मोठे, भाड्याच्या खोल्या दाटीच्या, आणि मुलांना खेळायला पुष्कळदा जिल्हा परिषद शाळेचं पटांगण तेवढं. खोल्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबं राहतात. बापाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. अशा ठिकाणी लीग चालवणाऱ्याला प्राधिकरणातल्या सोसायटीचा हिशेब उपयोगी पडत नाही, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

आधी शेड्यूल वन

नाव आहे, शिक्का आहे, पावतीपुस्तक छापलं आहे, एवढ्याने संस्था होत नाही. लोकांकडून सार्वजनिक कामासाठी पैसे घ्यायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी हवी. आपल्याकडची नेहमीची वाट म्हणजे किमान सात सभासद जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची आणि त्याबरोबर सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करून घ्यायची. पुणे जिल्ह्याचं हे काम सहधर्मादाय आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात चालतं.

गणेश मंडळाच्या नावावर लीगची वर्गणी गोळा करण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोडा. नोंदणी नसलेली मंडळं उत्सवासाठी कलम ४१ क खाली जी परवानगी काढतात, ती त्या कारणापुरती आणि ठरावीक मुदतीची असते. गणपतीच्या पावतीवर नोव्हेंबरात जर्सीचे पैसे घेतले, तर हेतू कितीही चांगला असो, कागद तुमच्या विरोधात बोलतो.

जुनी नोंदणीकृत संस्था हाताशी असेल, तर उत्तमच. गावोगावच्या तालमी आणि व्यायाम मंडळं अशी असतात. पण तिची शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्याची, ताजी नक्कल काढून पाहा. वीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त त्यावर तसेच असतात. त्यातले दोघे वारलेले, एक गाव सोडून गेलेला, आणि आज प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव नाही. विश्वस्त बदलले, की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो. मग बँक खात्यावर सह्या बदलून देत नाही, कंपनी कागद परत पाठवते, आणि मुलांचे जोडे अडकतात ते या एका कागदापायी. बदल अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम मे-जूनमध्ये सुरू करायचं, ऑक्टोबरात नव्हे.

स्वतःची नोंदणी व्हायची असेल आणि मोसम तोंडावर असेल, तर एखाद्या नोंदणीकृत शिक्षणसंस्थेच्या किंवा तालमीच्या छत्राखाली पहिलं वर्ष काढावं. मात्र त्या संस्थेच्या कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या, आणि लीगचं जमा-खर्चाचं खातं त्यांच्या वहीत वेगळं ठेवायला सांगा. तोंडी छत्र पहिल्या भांडणात उडून जातं.

आयकराच्या बाजूने एक दिलासा जुना आहे. खेळांचा प्रसार हा धर्मादाय हेतू आहे, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे लीग चालवणाऱ्या संस्थेला १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही नोंदण्या मागता येतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. तुमच्या सीएला ते ठाऊक असतात, आपल्या तोंडी जुनी नावं अजून काही वर्षं राहतील.

एका मोसमाचा हिशेब

आता वही उघडू. समजा, आठ संघ आहेत आणि प्रत्येकात बारा मुलं-मुली, म्हणजे ९६. खेळ कबड्डी, मातीवर. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण पाऊस सरलेला असतो आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असते. सुरुवातीचे आठवडे नुसता सराव. मग प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळला, की २८ सामने होतात. रविवारी चार धरले तर सात रविवार, आठव्या रविवारी दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम.

खर्च असा. दोन संघांमागे एक प्रशिक्षक, असे चार, महिना ४,००० रुपये मानधन, चार महिन्यांचे ६४,०००. तीन पंच, दर रविवारी प्रत्येकी ५००, आठ रविवारांचे १२,०००. मैदानाचं भाडं आणि सफाई ८,०००. जर्सी आणि शॉर्ट ३५० रुपयांप्रमाणे ३३,६००. फक्की, पाणी, प्रथमोपचार, शिट्ट्या, दोऱ्या यांना १०,०००. सामन्याच्या दिवशी केळी-चिक्की, डोक्यामागे १५ रुपये, मिळून ११,५२०. अपघात विमा डोक्यामागे १०० धरला तर ९,६००. चषक, प्रमाणपत्रं, फ्लेक्स १२,०००. लेखापरीक्षण, छपाई, बँकखर्च १०,०००. बेरीज १,७०,७२० रुपये. त्यावर अडीअडचणीला १७,००० ठेवा. एकूण १,८७,७२०, म्हणजे एका मुलामागे मोसमाला साधारण १,९५५ रुपये.

आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले भाव घालून बदला. पण प्रमाण बदलू नका. या वहीत सगळ्यात मोठा आकडा प्रशिक्षकांचा आहे, एक तृतीयांशाहून थोडा जास्त, आणि चषक-फ्लेक्स सहा-सात टक्क्यांत बसवलेत. चषक स्पर्धेच्या वहीत हे नेमकं उलटं असतं. तिथे प्रशिक्षकाचं खातंच नसतं. लहान मुलांना रोख बक्षीस देऊ नका, असंही माझं ठाम मत आहे. एकवीस हजारांचं पहिलं बक्षीस लावलं, की दुसऱ्याच वर्षी वयाचे खोटे दाखले येतात आणि बाहेरची मुलं उतरवली जातात. तेवढ्या पैशांत एका प्रशिक्षकाचं मोसमाचं मानधन निघून वर पाच हजार उरतात.

मैदानाचे पैसे 'ओळखीने' वाचवू नका. महापालिकेचं मैदान असेल तर क्रीडा विभागाची लेखी परवानगी आणि भाड्या-अनामतीची पावती घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांचं पत्र घ्या, आणि बदल्यात वर्षाकाठी पटांगणाला मुरूम किंवा पाण्याची टाकी असं काही द्या. तोंडी परवानगीवर चाललेली लीग नवीन मुख्याध्यापक रुजू झाले, की रस्त्यावर येते.

फी घ्यावी का?

घ्यावी. फुकट लीगमध्ये नावं दीडशे येतात आणि डिसेंबरात मैदानावर साठ उरतात. पण सगळ्यांकडून सारखी घेऊ नये. वरच्या उदाहरणात ६० मुलांकडून मोसमाचे १,००० घेतले, २४ जणांकडून ५०० आणि १२ जणांना पूर्ण माफी दिली, तर ७२,००० जमतात. माफी कुणाला दिली, हे प्रशिक्षकालाही कळू देऊ नका. खजिनदार आणि आणखी एका विश्वस्तापुरतं ते राहू द्या. यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून 'उर्वरित पालकांनी त्वरित फी भरावी' असा मेसेज करणाऱ्या मंडळाने ती बारा मुलं गमावलीच म्हणून समजा.

हप्ते पाडून द्या आणि हप्त्याची तारीख महिन्याच्या दहानंतरची ठेवा. कंपनीतला पगार सात ते दहाच्या दरम्यान हातात येतो, कंत्राटी कामगाराचा त्याहून उशिरा. पहिल्या तारखेला फी मागणं म्हणजे बापाला मुलासमोर खाली बघायला लावणं. पहिला हप्ता दिवाळीच्या बोनसला लागून घेतला, तर सोपं जातं.

फी खर्चाच्या आसपास किंवा खाली राहिली पाहिजे, याला कायद्याचंही कारण आहे. त्याकडे येतोच.

शेठ, बिल पाहिजे

या पट्ट्यातला खरा आश्रयदाता वर्कशॉपवाला आहे. भोसरी, तळवडे, चिखलीकडच्या शेडमधला, आठ-दहा मशीनवर जॉबवर्क करणारा. त्याची मुलं याच शाळांत जातात आणि तो स्वतःही कधीकाळी मातीत खेळलेला असतो. त्याच्याकडे गुरुवारी जा. आपल्या एमआयडीसीत बऱ्याच शेडना गुरुवारची सुट्टी असते, मशीन बंद असतात, आणि मालक चलनं-बिलं निपटत ऑफिसात सापडतो. संवाद ठरलेला असतो.

"शेठ, एका टीमचे दहा हजार."

"देतो की. पण जर्सीवर नाव पाहिजे, आणि बिल पाहिजे."

इथे थांबून विचार करा. जर्सीवर कारखान्याचं नाव आणि हातात बिल, म्हणजे ती जाहिरात झाली. त्याला ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते आणि त्यात गैर काही नाही. पण तुमच्या बाजूने ते व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न ठरू शकतं, आणि तुमच्यासारख्या सार्वजनिक उपयोगाच्या संस्थेला अशा उत्पन्नावर मर्यादा आहे. वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त झालं, तर त्या वर्षीची करसूट धोक्यात येते. फी खर्चाच्या आसपास ठेवा म्हटलं, ते याच कारणाने. खर्चाहून पुष्कळ जास्त घेतलेली फीसुद्धा धंद्यात मोजली जाऊ शकते.

म्हणून आठ वर्कशॉपकडून ८०,००० आणायचे असतील, तर सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. तिघांना जर्सीवर नाव आणि बिल द्या, म्हणजे जाहिरातीचे ३०,०००. आपल्या एकूण १,८७,७२० च्या ते सोळा टक्क्यांच्या आत बसतात. उरलेल्या पाचांकडून देणगी घ्या, पावती द्या, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा. दोन्ही रकमांची खाती वहीत पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, मार्चअखेर सीएसमोर बसून वेगळी करू नका. जीएसटीची धास्ती बहुतेक छोट्या लीगना बाळगायचं कारण नाही, कारण सेवांची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणारेही महाभाग भेटतात. तसलं काही करू नका.

८०जीबद्दल उगाच मोठ्या अपेक्षा नकोत. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि आता ती प्रणाली न मागता लागू असते. जुन्या प्रणालीतल्या देणगीदारालाही दोन हजारांवरच्या रोख देणगीची वजावट मिळत नाही. तेव्हा 'टॅक्स वाचेल' या वाक्याने देणगी मागू नका, मुलांचं वेळापत्रक पुढे ठेवा. मात्र ८०जी काढून ठेवा, ते का, हे पुढे कळेल. ते असेल तर देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर विभागाला कळवायची असते, म्हणून पावती फाडतानाच पॅन आणि पत्ता लिहून घ्या. मे महिन्यात पन्नास जणांना फोन करून पॅन मागणं फार जिवावर येतं.

फी ७२,००० आणि वर्कशॉप ८०,०००, मिळून १,५२,०००. तूट ३५,७२० ची. ती कागदावर ऑक्टोबरातच दिसली पाहिजे. माजी खेळाडू, गावातले शिक्षक, दुकानदार अशा छत्तीस जणांचे हजार-हजार आले, की भरून निघते. छत्तीस जण जमणार नाहीत असं वाटत असेल, तर यंदा सहाच संघ घ्या. अमुक नेते शेवटी देतीलच, या भरवशावर आठवा संघ घेऊ नका. दिलेला शब्द आणि खात्यात आलेली रक्कम यांच्यामध्ये या भागात निदान दोन महिने जातात. खुद्द वर्कशॉपवाल्याचे पैसेच कंपनीत अडकलेले असतात, त्यामुळे ऑक्टोबरात 'हो' म्हणणारा जानेवारीत देतो. जर्सीची ऑर्डर त्याआधी जाते, हे विसरू नका.

परदेशातल्या मित्रांबद्दल एक सावधगिरी. जर्मनीत नोकरीला गेलेला, भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा माजी खेळाडू बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर हरकत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ते परदेशी योगदान ठरतं आणि एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही.

कंपनीचा सीएसआर: चौथ्या वर्षाची गोष्ट

टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथे प्रत्येक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतोच, "अरे, सीएसआरमधून काढू." कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू होणाऱ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हाच सीएसआर. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. इथपर्यंत सगळं आपल्या बाजूचं.

आता त्याच कायद्याची अनुसूची सात वाचा. तिच्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांना चालना देण्यासाठीचं प्रशिक्षण बसतं. स्पर्धा भरवणं बसत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं, आणि मालाची जाहिरात साधण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व नियमांनीही बाहेर काढलं. 'भव्य कबड्डी स्पर्धेसाठी पाच लाख' असा अर्ज घेऊन सीएसआर मॅनेजरकडे जाणारे कार्यकर्ते चहा पिऊन परत येतात, ते यामुळे. साहेब कंजूष असतातच असं नाही, त्यांचे हात बांधलेले असतात.

वरच्या वहीत प्रशिक्षकांचा आकडा सगळ्यात मोठा का ठेवला, ते आता कळेल. ज्या संस्थेच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबात प्रशिक्षक, सराव, उपस्थिती, साहित्य ही खाती ठळक दिसतात, तिला कंपनीकडे जाऊन सांगता येतं: आमचं काम प्रशिक्षणाचं आहे, सामने त्याचा भाग आहेत. जिच्या हिशेबात मंडप, ध्वनिक्षेपक, सत्कार हीच खाती फुगलेली असतात, तिला हे सांगता येत नाही, मग अर्जात कितीही सुंदर मजकूर लिहा.

तीन वर्षं हा आकडा मनाने ठरवलेला नाही. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, १२ए आणि ८०जी दोन्ही हवेत, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मंत्रालयाकडे नोंद झालेली हवी. ८०जी काढून ठेवा म्हटलं ते यासाठी. यंदा लीग सुरू करणाऱ्यांसाठी सीएसआर म्हणजे चौथ्या वर्षाची गोष्ट. तोवर अनुभव असलेल्या नोंदणीकृत संस्थेबरोबर भागीदारी करता येते, पण मग पैसा तिच्या खात्यात येईल आणि हिशेबाची मालकी तिची राहील, हे आधी कागदावर ठरवा.

अर्ज कधी द्यावा? फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांना उरलेली रक्कम खर्चायची घाई असते आणि तेव्हा काहींना लॉटरी लागते. पण त्या पैशांवर पुढचं वर्ष उभं करू नका. एप्रिल ते जून या काळात, कंपनीचा वर्षाचा आराखडा ठरत असताना, मागच्या वर्षाचा हिशेब आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक घेऊन जा. मिळालेल्या पैशांचा विनियोग दाखला द्यावाच लागतो, कारण रक्कम ठरलेल्या कामासाठीच वापरली गेली याची खातरजमा कंपनीच्या वित्तप्रमुखाला करावी लागते. सीएसआरचं स्वतंत्र पोटखातं उघडा. जोड्यांचे पैसे मंडपाला फिरवले, तर पुढच्या वर्षी त्या फाटकातून आत सोडणार नाहीत, आणि या पट्ट्यातले सीएसआरवाले एकमेकांना ओळखतात.

एका स्पर्धेतून वर्षभराचं काम कसं उभं राहतं, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण नागपूरचं आहे. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा भरवली. तिथेच थांबले असते, तर एक चांगली स्पर्धा म्हणून ती विसरली गेली असती. पुढे क्रीडा विकास संस्थेच्या माध्यमातून, स्लम सॉकर या नावाने, वर्षभर चालणारी केंद्रं आणि प्रशिक्षण उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये या कामाला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. २०२२ च्या 'झुंड' चित्रपटामुळे बारसे घरोघर पोहोचले. पडद्यावर सामने दिसतात, वह्या दिसत नाहीत. पण केंद्रं वर्षानुवर्षं चालवायची, तर कुणीतरी त्या लिहाव्याच लागतात.

खजिनदाराचा मोबाइल

रोजच्या व्यवहारातला सगळ्यात मोठा रोग म्हणजे खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवरचा क्यूआर कोड. पालक फी पाठवतात, वर्कशॉपवाला दहा हजार पाठवतो, त्याच खात्यातून खजिनदाराच्या घरचं वीजबिल आणि गाडीचा हप्ता जातो. माणूस सोन्यासारखा असतो, तरी मार्चमध्ये त्यालाच सांगता येत नाही की ११ डिसेंबरचे १,५०० कुणाचे. संस्थेच्या चालू किंवा बचत खात्याचा क्यूआर बँक देते. तो मैदानावर लॅमिनेट करून लावा, आणि वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही घेऊ नका.

खात्यावर तिघांच्या सह्या ठेवा, कुठल्याही दोघांच्या चालाव्यात, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. हातात रोख दोन हजारांच्या वर ठेवू नका. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

व्हाउचर कसं असावं? 'पंच खर्च १,५००' एवढं पुरत नाही. तारीख, कितवा रविवार, कोणते चार सामने, तिन्ही पंचांची नावं, प्रत्येकाचे ५००, तिघांच्या सह्या, देणाऱ्याची सही. रविवारी संध्याकाळी मैदानावरच, पंच मोटारसायकलला किक मारायच्या आत हे व्हायला हवं. सोमवारी सही मागायला गेलं, की ती पुढच्या रविवारपर्यंत लांबते. केळेवाला बिल देत नाही, त्याच्यासाठी संस्थेचंच छापील व्हाउचर वापरा आणि दुसऱ्या एका पालकाची साक्षीला सही घ्या.

विश्वस्तांपैकी कुणाचं क्रीडासाहित्याचं दुकान असेल, तर जर्सी त्याच्याकडून घ्यायला मनाई नाही. मात्र तीन दरपत्रकं मागवा, निर्णयाच्या वेळी त्याला बैठकीबाहेर बसवा, आणि इतिवृत्तात ते लिहा. हितसंबंधी माणसाला बाजारभावाहून जास्त दिलं, तर आयकर सवलत जाऊ शकते, आणि गावात तोंडं सुटतात ते वेगळंच. वस्तू देणगी म्हणून आल्या, तर त्यांचीही नोंद किंमत धरून करा. साहित्याची नोंदवही वेगळी ठेवा: किती जर्सी घेतल्या, किती दिल्या, किती परत आल्या.

दर महिन्याच्या दहा तारखेला जमा-खर्चाचा एक कागद मैदानावरच्या फलकावर लावा. त्यात माफीची नावं नकोत, बाकी सगळं हवं. पालक पहिल्या महिन्यात वाचत नाहीत, दुसऱ्या महिन्यात एखादा विचारतो की फक्कीला इतके कसे लागले. त्याच्यावर चिडू नका. पुढच्या वर्षी खजिनदार व्हायला तोच तयार होतो.

शिल्लक राहिली तर घाबरू नका. आयकरात साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवावा लागतो, उरलेले १५ टक्के ठेवता येतात, आणि त्याहून जास्त ठेवायचं असेल तर कारण सांगून मुदतीत अर्ज देता येतो. निदान तीन महिन्यांच्या प्रशिक्षक-मानधनाएवढी रक्कम राखीव झाली, की लीग खऱ्या अर्थाने उभी राहिली. ती मुदत ठेवीत, संस्थेच्याच नावावर. ३१ मार्चला वह्या बंद करा आणि लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर उरकून अहवाल धर्मादाय कार्यालयात जाऊ द्या. लहान संस्थांचे सीए पुष्कळदा ओळखीने, कमी पैशांत काम करतात. म्हणून तर त्यांना कागद वेळेत आणि लावून द्यायला हवेत.

पालकांना एक गोष्ट पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा. दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, यांसाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. आपल्या लीगचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. हे लपवून फी घेतली, तर तो हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

जर्सीचा रंग, संघांची नावं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, यावर बैठका होतच राहतील. त्याआधी या आठवड्यात एक काम करा. धर्मादाय कार्यालयातून आपल्या संस्थेच्या शेड्यूल वनची नक्कल काढा, आणि त्यावरची माणसं आज सही करायला येऊ शकतात का, ते पाहा.